मोहनाबाईंची ओटी कुठे पोचली

मोहनाबाईंना प्रश्न पडायला निमित्त लागत नाही. भाजीवाल्याला त्या विचारणार, सुरण काढल्यावर खड्डा बुजवतात की तसाच ठेवतात? पासष्टी उलटली तरी खोड काही जात नाही. यजमान श्रीकृष्णराव बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले; उत्तरं देऊन देऊन थकले बिचारे, हल्ली पेपर तोंडासमोर धरून बसतात. तेव्हा सुभानपुऱ्याच्या हॉलमध्ये पूर्वीने बायकांना जमवलं, त्या दिवशी पहिला प्रश्न कोणाचा आला हे काय सांगायला हवं?

"विश्वामित्री नदी ही बाई ना? मग नाव ऋषीचं कसं?"

पूर्वी ही वाडी भागातल्या जगदेवरावांची नात, चित्रकला शिकलेली. ती म्हणाली, काकू, असल्याच गोष्टींसाठी आपण बसलोय. नदीला आई म्हणायचं, देवी म्हणायचं, आणि तिला काय हवंय ते मात्र कोणी विचारायचं नाही. घरातल्या बाईचंही तेच. मोहनाबाईंना यातलं अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्याचा विचार त्या घरी जाऊन करणार होत्या.

काम असं होतं, की जमिनीवर एक भलीमोठी गोधडी अंथरलेली, तिच्यावर खडूने काढलेला बडोद्याचा नकाशा, नदीच्या जागी निळं कापड. ज्या ठिकाणी नदी आपल्या आयुष्यात आली, तिथे प्रत्येकीने स्वतःच्या साडीची पट्टी शिवायची. शेजारच्या नयनाबेननी कमाटीबागेच्या पुलाजवळ गुलाबी पट्टी लावली. साखरपुडा झाल्यावर तिथेच म्हणे जोडीने मगर पाहिली होती. मोहनाबाईंनी हिरवी पट्टी काढली आणि बेलाशक सुभानपुऱ्यात, आपल्या कॉलनीच्या मागे ठेवली.

"मोहनाबेन, ए तो कांस छे," नयनाबेन म्हणाल्या.

कांस म्हणजे पावसाचं पाणी नेणारा मोठा नाला. सगळ्या हसल्या. वाईट मनाने नव्हे, पण हसल्या. मोहनाबाईंनी पट्टी उचलून पिशवीत टाकली.

आता यातलं खरं सांगायचं तर त्यांची दोन मुलं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी, मथुराबाईंनी, त्यांना कॉलनीमागच्या पाण्यावर नेलं आणि नदीला साकडं घालायला लावलं. मथुराबाई तापीकाठच्या, वाहतं पाणी दिसलं की हात जोडणाऱ्या. तेव्हा तिथे पाणी स्वच्छ होतं, बगळे असायचे. मग मुलगी झाली, श्रद्धा. तेव्हापासून दर भाद्रपदात, श्रद्धाच्या वाढदिवशी, मोहनाबाई तिथे खण-नारळाने ओटी भरतात. पाणी काळं झालं, वास मारू लागला, तरी नाकाला पदर लावून भरतात. जवळजवळ चाळीस वर्षं. मग हे सगळं एका गटाराला सांगितलं का? आपले आभाराचे दोन शब्द कुणाला पोचले तरी का?

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं. पेपर खाली आला.

"मला ठाऊक होतं," श्रीकृष्णराव म्हणाले. "आईचं मन मोडवेना. मग तुझं मोडवेना."

दोन दिवस त्या घरात फक्त खिचडी शिजली. पण राग मनात धरून बसायचा तर प्रश्न थांबले पाहिजेत, आणि ते कुठले थांबायला! हे पाणी जातं तरी कुठे? तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पूर्वीला फोन केला आणि पायात बूट चढवले.

दोघी पाण्याच्या कडेने निघाल्या. थोडं पुढे नाला स्लॅबखाली गेला. वर पार्किंग, दुकानं, देवाची एक छोटी देरी. दिसेनासं झालं की मोहनाबाई कुणालाही थांबवून विचारत. एक शिंपी म्हणाला, इथून जातं, पावसाळ्यात माझ्या मशीनखाली आवाज येतो. एका म्हातारीने हात लांब करून मोकळी जागा दाखवली. तिथे ते पुन्हा वर आलं होतं, अजूनच काळं. किती बाजूंनी किती पाइप त्यात पडत होते, ते मोजणं मोहनाबाईंनी सोडून दिलं. गुडघे बोलायला लागले. पूर्वी रिक्षा करू म्हणाली, तेव्हा त्या म्हणाल्या, रिक्षा रस्त्याने जाईल, पाणी रस्त्याने जात नाही.

दोन तासांनी झाडी दाट झाली आणि खाली एकदम विश्वामित्री दिसली. संथ, हिरवट. पलीकडच्या काठावर मगर ऊन खात पडलेली. आणि अलीकडे, त्यांच्या पायाखालून, ते काळं पाणी फेस काढत नदीत पडत होतं.

"हेच ना आपलं पाणी?"

"हेच, काकू."

"म्हणजे पोचलं." मोहनाबाईंचे डोळे भरून आले. केवढं बरं वाटलं त्यांना! पूर्वीचा हात घट्ट धरून त्या उभ्या राहिल्या. फेस हळूहळू नदीभर पसरत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी हात सोडला.

"सगळंच पोचलं गं," त्या म्हणाल्या.

पुढच्या बैठकीला त्यांनी हिरवी पट्टी आणलीच नाही. पिशवीतून चंद्रकळा काढली, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी नेसवलेली, काळीभोर, खडीची. तिला कात्री लावली. नयनाबेन कळवळून म्हणाल्या, सुवासिनीने शुभकामात काळं घालायचं? मोहनाबाईंनी सांगितलं, आमच्यात संक्रांतीला नव्या सुनेला काळंच देतात, मानाने देतात. आणि दुसरं म्हणजे, ते पाणी काळंच आहे. मी पाहून आले.

यावर कोणी हसलं नाही. त्यांनी काळी पट्टी कॉलनीपासून वळवत वळवत नदीपर्यंत आणली. जिथे ती निळ्या कापडाला भेटते तिथे पूर्वी सुई घेऊन पुढे झाली, तर मोहनाबाईंनी तिचा हात बाजूला केला.

"हा सांधा मी घालते," त्या म्हणाल्या. "हा माझ्या घरचा आहे."

शेजारी नयनाबेननी आपल्या गुलाबी पट्टीकडे बघितलं. मग त्यांनी खडू मागून घेतला आणि विचारलं, "आणि आमच्या मोरीचं पाणी कुठून जातं, मोहनाबेन?"