स्कॅनमध्ये न दिसलेला मार

"सीटी स्कॅन नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि मी पर्स खांद्याला अडकवून उठले. इमर्जन्सीच्या त्या गारठलेल्या खोलीत मला आणखी एक क्षणही थांबायचं नव्हतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या मिस्टरांना कन्कशन झालंय."

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. डोकं जोरात आपटलं की कवटीच्या आत मेंदू हलतो आणि त्याचं काम बिघडतं. सहसा काही फुटत-तुटत नाही, म्हणून स्कॅनमध्ये काही दिसत नाही. हे मला त्या सकाळी लगेच पटलं नाही. म्हणून आधीच सांगते: रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून माणूस बरा आहे असं समजू नका.

शेजारच्या पलंगावर माझा नवरा रोहन डोळ्यांवर हात घेऊन पडला होता. "मृणाल, आपण जिंकलो का?" त्याने विचारलं. हेच त्याने गाडीत विचारलं होतं. त्याआधी घरी दात घासतानाही.

रोहन आइस हॉकी खेळायचा. पगारी खेळाडू होता. पुण्याला माझ्या माहेरी हे सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, "वाळवंटात?" त्याचं बालपण अबुधाबीत, मोहम्मद बिन झायद सिटीत गेलं. वडील शेजारच्या मुसफ्फा औद्योगिक वसाहतीत काँट्रॅक्टिंग कंपनीत होते. उन्हाळ्यात बाहेर खेळणं शक्य नव्हतं, म्हणून सासूबाईंनी त्याला बर्फाच्या रिंकवर नेऊन सोडलं, आणि तो तिथलाच झाला. माझ्या ऑफिसमुळे आम्ही दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहायचो आणि तो सरावाला रोज अबुधाबीला जाऊन यायचा.

आदल्या संध्याकाळी तिथेच मॅच होती. पक, म्हणजे रबराची ती चकती, रिंकच्या कडेच्या फळीला अडकली होती. रोहन ती काढायला वाकला होता, पाठ मैदानाकडे. समोरच्या टीमचा डॅनियल वेगात आला आणि त्याने मागून धडक दिली. रोहनचं डोकं फळीवरच्या काचेवर आपटलं. आमची सहा वर्षांची इरा माझ्या मांडीवर होती. आवाज आम्हा दोघींनाही ऐकू आला.

हॉकीत धडक देणं नियमात बसतं, पण मागून नाही. खेळाडूंमध्ये साधी समजूत असते: समोरच्याच्या पाठीवरचा नंबर दिसला की थांबायचं.

रोहन उठला. बेंचवर जाऊन बसला. कुणीतरी त्याच्या डोळ्यांसमोर बोटं नाचवली, दोन प्रश्न विचारले आणि शेवटच्या सत्रात तो पुन्हा बर्फावर होता. सगळ्या स्टँडने टाळ्या वाजवल्या. सकाळी उठल्यावर त्याला त्या सत्रातलं काहीच आठवत नव्हतं.

डॉक्टर लेबनॉनच्या होत्या, मोजकं बोलणाऱ्या. घरी जाताना त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "उलट्या होऊ लागल्या, झोपेतून नीट जागा होईना, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, तर विचार करत बसू नका. सरळ इकडे आणा." मी त्याच्या बाहुल्या इतक्यांदा बघायचे की तो वैतागून कूस बदलायचा.

घराचे सगळे पडदे ओढून घेतले. समोरच्या टॉवरच्या काचेवरून उन्हाची तिरीप हॉलमध्ये यायची ती त्याला सहन व्हायची नाही. याला फोटोफोबिया म्हणतात, प्रकाशाचा त्रास. मिक्सर नको, कुकरची शिट्टी नको, इराचं कार्टून नको. तो आडवा व्हायचा, उठायचा, बाल्कनीच्या दारापर्यंत जायचा, परत यायचा. खुर्चीत बसला की पाय हलत राहायचा. मी बेडरूममध्ये ऑनलाइन मीटिंगला बसायचे आणि कान हॉलकडे. एकदा क्लायंटने माझं नाव तीन वेळा घेतलं तेव्हा मला कळलं की तो माझ्याशी बोलतोय.

"त्याला अंधारात कोंडून ठेवू नका," पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाल्या. "पहिले एक-दोन दिवस ठीक. आता थोडं थोडं चालू दे. त्रास वाढला की थांबायचं." मग आम्ही सकाळी टॉवरखालच्या तळ्याभोवती चालायला लागलो, टोपी आणि काळा चष्मा लावून.

तोपर्यंत त्या धडकेची क्लिप सगळीकडे फिरत होती. रोहनला स्क्रीन बघायची मनाई होती, मला नव्हती. कुणी म्हणत होतं, धडक नियमातलीच होती. कुणी म्हणत होतं, अशा खेळाडूला कायमचं काढून टाका. काही जण विचारत होते की क्लबने त्याला परत खेळायला पाठवलंच कसं. डॅनियलने लीगला सांगितलं की रोहन अगदी शेवटच्या क्षणी वळला. ते वाचून मी फोन सोफ्यावर आपटला.

आणि मग बातमी आली की आमचा क्लबच अबुधाबी सोडून चाललाय. मालकी बदलली होती. टीम, नाव, जर्सी, सगळं उचलून आखातातल्या दुसऱ्या देशात नेणार होते. मॅनेजरचा रोहनला फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला.

"हबीबी, लवकर फिट हो. तिकडे कॅम्पला जो फिट असेल तोच टीममध्ये. नवे लोक वाट बघणार नाहीत."

"इन्शाल्ला, येतो," रोहन म्हणाला.

त्या दिवसापासून त्याचं डोकं दुखायचं थांबलं. म्हणजे तो तसं सांगायला लागला. काळा चष्मा ड्रॉवरमध्ये गेला. क्लबची कॉम्प्युटरवरची टेस्ट तो पास झाला आणि मला म्हणाला, "बघ, झालो ना बरा?" सासूबाई अबुधाबीहून मऊभाताचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाल्या, "अगं मृणाल, हा लहानपणी ताप असला तरी अंगावरचं पांघरूण काढून मला गार हात दाखवायचा. प्रॅक्टिस चुकू नये म्हणून. लक्ष ठेव."

मी लक्ष ठेवलं, तरी ते घडलंच. त्याने हट्टाने इराला शाळेतून आणायला गाडी काढली. मी ऑफिसमध्ये असताना त्याच्या फोनवरून इराचा कॉल आला.

"आई, वी मिस्ड अवर एक्झिट. बाबा इज क्राइंग."

"बाबांना दे फोन."

 मग रोहन म्हणाला, "आपल्या घराजवळचे ते मरीनाचे टॉवर दिसले गं. तरी पुढे गेलो. मला घराचा रस्ता आठवत नाहीये."

सुदैवाने त्याने गाडी एका पेट्रोल पंपावर थांबवली होती. मी टॅक्सीने पोचले तेव्हा तो स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसला होता आणि इरा मागच्या सीटवरून त्याच्या खांद्यावर थोपटत होती. "इट्स ओके, बाबा. आई नोज द वे," ती म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग रोहनला विचारलं, "क्लबची टेस्ट पास झालात म्हणता. सीझनच्या आधी जी बेसलाइन टेस्ट दिली होती, ती मन लावून दिली होती का?"

बेसलाइन टेस्ट म्हणजे खेळाडू धडधाकट असताना घेतलेली स्मरणशक्तीची आणि चपळाईची चाचणी. डोक्याला मार लागला की पुन्हा तीच घेतात आणि दोन्ही निकाल ताडून बघतात.

रोहनने हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "नाही. मुद्दाम चुका केल्या होत्या. बरेच जण करतात. म्हणजे नंतर काही झालं तर फरक दिसत नाही."

 मला रडू नाही, संताप आला.

डॉक्टर मात्र रागावल्या नाहीत. "हे भरून यायच्या आत पुन्हा मार बसला तर मेंदूला सूज येऊ शकते. असं क्वचित होतं. पण झालं तर मी काही करू शकेन याची खात्री देत नाही," त्या म्हणाल्या. "आणि काल तुमची मुलगी गाडीत होती. धडकेचा खेळ आता खलास. माझ्याकडून परवानगी मिळणार नाही."

लिफ्टमध्ये मी त्याला म्हटलं, "मला फसवलंस ते एक वेळ ठीक. पण इराला घेऊन गाडी चालवलीस?"  पार्किंगमध्ये पोचल्यावर त्याने गाडीची आपल्याकडची किल्ली माझ्या हातात दिली आणि मॅनेजरला फोन लावला. "मी येत नाहीये," एवढंच म्हणाला.

पुढच्या आठवड्यात डॅनियल आमच्या घरी आला. खजुराचा डबा हातात, कॅनडाचा सहा फुटी गडी, दारात बूट काढून अवघडून उभा. मला त्याला आत घ्यायचं नव्हतं. रोहन आतून म्हणाला, "येऊ दे त्याला."

पडदे ओढलेल्या हॉलमध्ये दोघं समोरासमोर बसले. रोहनने एकच विचारलं, "माझा नंबर दिसला होता?"

डॅनियलने खजुराचा डबा टेबलावर ठेवला. "दिसला होता. थांबता आलं असतं," तो म्हणाला. "तुमच्या क्लबच्या नव्या मालकांची माणसं त्या दिवशी खेळाडू बघायला आली होती. मला तिकडे जागा हवी होती. मी किती कडक खेळतो ते त्यांना दाखवायचं होतं."

"म्हणजे क्लब जाणार हे तुला माहीत होतं? आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं."

"माझ्या एजंटने सांगितलं होतं. सॉरी, रोहन. लीगला मी खोटं बोललो. उद्या जाऊन खरं सांगतो."

त्याने खरंच सांगितलं आणि लीगच्या बंदीत त्याचा उरलेला सीझन गेला. मला वाटलं होतं, त्याला शिक्षा झाली की मला मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. रोहननेही लीगला आपली बेसलाइन आणि त्या शेवटच्या सत्राची हकीकत सांगितली. काही जुन्या मित्रांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं. आता ही टेस्ट क्लबबाहेरचे डॉक्टर घेतात, असं कानावर आलंय.

क्लब गेला. सामान कंटेनरमध्ये भरताना रोहन बघायला गेला होता. मी म्हणाले, गेला ते बरंच झालं. सासूबाईंनी मला थांबवलं. "त्याच्यासमोर असं म्हणू नकोस गं. आपल्याला तो क्लब वाटतो. त्याचं ते घर होतं."

बरं व्हायला महिने लागले. व्हेस्टिब्युलर थेरपी करावी लागली, म्हणजे तोल आणि नजर पुन्हा जुळवायचे व्यायाम. अंगठा समोर धरायचा, नजर त्याच्यावर ठेवायची आणि मान डावी-उजवीकडे हलवायची. दिसायला पोरखेळ, पण सुरुवातीला त्याला घाम फुटायचा. बरा वाटणारा आठवडा जायचा आणि मग एक दिवस इराच्या वर्गातल्या वाढदिवसाच्या गोंगाटाने सगळा त्रास परत यायचा. तुमच्या घरी असं कुणी असेल तर "आता तरी बरं वाटतंय का?" असं सारखं विचारू नका. मी विचारायचे, आणि तो मला बरं वाटावं म्हणून हो म्हणायचा. मग मी विचारायचं सोडलं आणि शेजारी बसायला लागले. मला ते फार जड गेलं. मी एका जागी बसणाऱ्यातली नाही.

त्या डॉक्टरांचे आभार मानायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "खरं त्याने सांगितलं. मी फक्त विचारलं." पण त्यांच्या आधी कुणी विचारलं नव्हतं, हेही खरं.

परवा डॉक्टरांच्या परवानगीने आम्ही दुबईतल्या एका रिंकवर गेलो. सकाळची वेळ, नुसतं स्केटिंग, धडका नाहीत. शिकाऊ मुलं इकडेतिकडे पडत होती. रोहनने इराचा हात धरला आणि दोघं सावकाश निघाली. त्याचे खांदे सैल झालेले मला लांबूनही दिसले. मी एक फेरी मोजली, दुसरी मोजली, मग मोजणं सोडून दिलं.

थोड्या वेळाने तो आपणहून कडेला आला. तिथे त्याला ओळखणारे दोन-तीन जुने खेळाडू उभे होते. त्यांच्यासमोरच, नेहमीच्या आवाजात तो म्हणाला, "डोकं जड व्हायला लागलंय, मृणाल. आज इतकंच."

मी काही विचारलं नव्हतं. इरा म्हणाली, "ओके बाबा, यल्ला, चला." मी खाली बसून त्याच्या स्केट्सच्या नाड्या सोडायला घेतल्या.