नांदेडची चिक्की

आमच्या घरात एक गोष्ट ठरून गेली आहे. सुनेचा टोपल्यांचा धंदा चालला नाही, कारण तिच्या टोपल्या लोकांना आवडल्या नाहीत. मुलगा तसं सांगतो, व्याही तसं सांगतात, आणि आता सून स्वतःही तसंच सांगते. ते खरं नाही. टोपल्या आवडल्या होत्या. हे मला माहीत होतं, आणि घरात फक्त मलाच माहीत होतं.

मी उमरखेडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. भोंग्यावर गाड्या पुकारण्यात सगळी नोकरी सरली, त्यामुळे आजूबाजूच्या गावांतली माणसं मला चेहऱ्यापेक्षा आवाजावरून ओळखतात. बायको वारल्यावर घरात मी, मुलगा, सून आणि नातू. मुलगा मोटारसायकलच्या शोरूममध्ये आहे. नातू चालायला लागला तेव्हा सुनेने टोपल्यांचं मनावर घेतलं. एका साखरपुड्यात तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली शहरातली भेटीची टोपली पाहिली होती. त्यात बिस्किटाचे पुडे आणि खोटी फुलं होती. यापेक्षा चांगलं मी करीन, असं म्हणाली.

फुलसावंगीच्या एका बुरडाकडून तिने बांबूच्या लहान टोपल्या विणून घेतल्या. आत हळद, बांगड्या, हातात मावेल एवढा आरसा, कापडी पिशवीत तुरीची डाळ, आणि छोट्या डब्यात घरी केलेली शेंगदाण्याची चिक्की.

"डाळ कोण देते बाई भेट म्हणून?" मी विचारलं.

"पुण्यात राहणाऱ्याले देऊन पाहा मामाजी. बिस्किटाकडं पाहणार नाही तो."

धंदा कसा वाढवायचा ते ती मोबाइलवर पाहून शिकत होती. सकाळच्या उन्हात गच्चीवर माझं पांढरं धोतर दोरीवर टाकायची आणि त्याच्यापुढे टोपली ठेवून फोटो काढायची. ते फोटो स्टेटसला टाकायची. पण तिच्या फोनमध्ये माहेरची आणि वस्तीतलीच माणसं. मग तिने ठरवलं की टोपल्या बाहेरच्या घरांत पोचल्या पाहिजेत. समारंभात एकीला मिळाली की दहाजणी पाहतात. ज्या पाहतात त्यांना नंबर दिसला पाहिजे. त्यासाठी तिने कार्ड छापून घेतलं. जाड, पिवळसर कार्ड, सुतळीने टोपलीच्या कडेला बांधलेलं. त्यावर तिचं पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. धंद्याला वेगळं नाव दे, असं मुलगा म्हणाला होता.

"दुसरं नाव कायले?" ती म्हणाली. "मीच तर करून राह्यली."

आणि मला म्हणाली, "मामाजी, तुम्हाले अख्खा तालुका ओळखते. तुम्हीच माही जाहिरात."

लेकरू लहान असल्याने पोचवायचं काम माझ्याकडे आलं. पहिली टोपली नमुना म्हणून जवळच्या गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी द्यायची होती. तिथे डोहाळजेवण होतं. घरातल्या वयस्क बाईंनी टोपली हातात घेतली, कार्ड उलटवलं आणि मोठ्याने वाचलं. आडनाव शेवटी वाचलं. आम्ही बौद्ध आहोत, आणि आमच्या आडनावावरून इकडे वस्ती कळते.

"चिक्की कोणाच्या हातची हाय?" त्यांनी विचारलं.

"सुनेच्या."

"बरं," म्हणाल्या, आणि टोपली ओसरीवरच्या बाकावर ठेवली.

आत बायकांची गर्दी होती. आत ठेवायला जागा नसेल. नंतर आत नेलीही असेल. मी पाहायला थांबलो नाही. त्या बाईंच्या मनात काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. परतीच्या गाडीत बसल्यावर माझ्या बापाला लोक दुरून, ओंजळीत पाणी ओतत, ते आठवलं, आणि पुढे मी विचार केला नाही.

दुसरी टोपली बँकेतल्या एका मॅडमकडे न्यायची होती. मी स्टँडवरच्या बाकावर बसलो, सुतळी सोडली, कार्ड काढलं आणि खिशात घातलं. सुतळीची पुन्हा नीट गाठ मारली. कार्ड नंतर चहाच्या टपरीच्या कचऱ्यात टाकलं. जयंतीच्या कार्यक्रमात वस्तीतल्या पोरांना पूर्ण आडनाव लिहायला सांगणारा मीच.

आठवड्याभराने त्याच मॅडमनी मला हाक मारली.

"काका, ती चिक्की कुठची हो? डबा ऑफिसात नेला तर मला एक तुकडा उरला नाही."

"नांदेडची," मी म्हणालो. "एक माणूस आणून देते."

"नंबर द्या ना त्याचा."

"त्याचा नंबर बदलत राहते."

"असा कसा तुमचा नांदेडवाला? धंदा करतो की लपून बसतो?" त्या हसल्या. मीही हसलो.

घरी आलो तर सून दारातच होती.

"काय म्हणल्या मॅडम?"

"काही नाही. भेटल्या होत्या."

"चिक्की चाखली का?"

"चाखली असन."

ती आत गेली. मी पाय धुतले.

त्या दिवशी मला कळलं की नुसतं कार्ड काढून भागत नाही. टोपली नांदेडची झाली की तिचं कौतुकही नांदेडचं होतं. ते घरी आणता येत नाही. आणलं तर कोणी कुठे काय विचारलं ते सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून मी काहीच आणलं नाही. पुढे दवाखान्यात, ब्यूटी पार्लरमध्ये, ओळखीच्या दुकानांत कार्ड काढूनच टोपल्या दिल्या. माझ्या शब्दावर काही खपल्या. पुन्हा कोणी विचारलं की मी सांगायचो, माणूस आला की बघतो. तो माणूस क्वचितच यायचा. सुनेच्या फोनवर बाहेरचा एकही फोन आला नाही. येणार कुठून?

ती स्वतः बचत गटाच्या बैठकीत टोपल्या घेऊन गेली तेव्हा वस्तीतल्या चार बायकांनी घेतल्या. त्यावरून तिने हिशेब लावला की आपलीच माणसं मन राखायला घेतात, परक्यांना आवडत नाही. मग ती चुका शोधायला लागली. लाल फीत काढून हिरवी लावली. आरसा काढला. डाळ काढली. फोटो खराब येतात म्हणून शेजारणीचा फोन मागून आणला. एका दुपारी मला म्हणाली, "मामाजी, चिक्की काढून टाकते. पाक कडू होत असन माह्या हातानं." मी पेपर वाचत होतो. "पाहा बाई तुले जमते तसं," असं म्हणालो. तेव्हा मला आत काही झालं असं सांगता आलं असतं तर बरं होतं. झालं नाही. मी पान उलटलं.

मुलगा संध्याकाळी आल्यावर विचारायचा, "काय शेटाणीबाई, आज किती ऑर्डरी?" आधी ती फटक्यात उत्तर द्यायची, "तुमच्या शोरूममधल्या गाड्याइपेक्षा जास्त." नंतर उत्तर देणं थांबलं. लग्नाचे दिवस संपले तेव्हा धंदाही संपला. आता ती कापडाच्या दुकानात काउंटरवर जाते. उरलेल्या टोपल्यांत कांदे, लसूण, नातवाचे मोजे असतात.

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका मुलीचा साखरपुडा ठरला. तिची आई घरी आली होती. ती सुनेला म्हणाली, "तूच करून दे ना व एक टोपली."

"नको मावशी," सून म्हणाली. "माह्या हातचं लोकाइले आवडत नाही."

हे तिने रडून किंवा रागाने म्हटलं नाही. घरातलं मीठ संपलं आहे, हे जसं सांगतात तसं सांगितलं. मावशी गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि तिला सगळं सांगितलं. कार्डाचं, नांदेडचं. ती मेथी निवडत होती. निवडत राहिली.

"म्हणजे बऱ्या होत्या टोपल्या," ती म्हणाली.

"चांगल्या होत्या."

"आडनाव पाहून नसत्या घेतल्या लोकाइनं, तर नसत्या घेतल्या. मले माहीत तर झालं असतं काहून घेत नाही ते. मी पाक बदलत बसली."

तिने मेथीची काडी बाजूला टाकली.

"मले कायले सांगता आता? त्याइले सांगा. रोज तेच बोलतात मले."

त्या रात्री जेवताना मी मुलाला सांगितलं. त्याने घास हातात धरून ऐकलं.

"बाबा, तुम्ही?" म्हणाला. मग थोडं चावून, "पण आपलं आडनाव पाहून घेतल्या असत्या का लोकाइनं? तुम्ही काढलं म्हणून खपल्या तरी थोड्या."

"नांदेडच्या खपल्या," सून म्हणाली. "माह्या नाही."

"टोपल्या चांगल्या होत्या," मी त्याला म्हणालो. "लोक विचारत होते. मी घरी सांगतलं नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि वरण मागितलं. तिने वाढलं. तो जेवून उठला, नातवाला घेऊन बाहेर गेला.

आम्ही दोघंच ताटावर राहिलो. तिचा हात ताटात तसाच होता.

"कोणी कोणी विचारलं होतं?" तिने विचारलं.

मी बँकेतल्या मॅडमचं पुन्हा सांगितलं, डबा ऑफिसात संपल्याचं. दवाखान्यातल्या सिस्टरने बहिणीसाठी मागितली होती, ते सांगितलं. पार्लरवाली डाळीची पिशवी पाहून काहीतरी म्हणाली होती, ते मला आठवेना.

"चांगलंच म्हणाली होती," मी म्हणालो.

"तसं नाही मामाजी," ती म्हणाली. "काय म्हणाली ते आठवून सांगा."