पाठकोऱ्या कागदांवरचं बगदाद

स्ट्रोकनंतर ह्यांच्याकडे पाच शब्द उरले. हो, नको, पाणी, बरं आणि कागद. पहिले चार कुणालाही लागतात. पाचवा फक्त माझ्यासाठी होता. रोज सकाळी व्यायाम करून घेणारी मुलगी येऊन गेली की हे खुर्चीतून माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "कागद?" मी म्हणायचे, आहेत हो, खोक्यात आहेत, नव्या घरी गेलो की काढू. एप्रिलपर्यंत हे खरं होतं. त्यानंतर मी रोज खोटं बोलले, आणि ते मला जड गेलं असंही नाही. तोंड आपलं आपण बोलायचं.

कागद म्हणजे ह्यांचं पुस्तक. हे पुलांचे इंजिनियर. उभा जन्म ओहायोतल्या लहानमोठ्या नद्यांवर पूल बांधण्यात गेला. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ शिकतात, नाहीतर मंडळाच्या कमिटीत शिरून भांडतात. ओहायोतल्याच डब्लिन गावातल्या आमच्या घरात इंग्रज, जर्मन आणि तुर्क भांडायला लागले. बगदादपर्यंत रेल्वे कुणी न्यायची, तैग्रिस नदीत बोटी कुणाच्या चालायच्या, यावर शंभर वर्षांपूर्वी ह्या तिघांची जी घासाघीस चालली होती, तिच्यावर ह्यांना मराठीत पुस्तक लिहायचं होतं. इंग्रजीत लिहा, निदान लेक तरी वाचेल, असं मी सुचवून पाहिलं. इंग्रजीत ढीगभर आहेत म्हणाले.

कारण घरातलंच होतं. ह्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत. माझ्या सासऱ्यांनी बापाचं तोंड पाहिलं नव्हतं. सातारा जिल्ह्यातला, कधी समुद्र न पाहिलेला माणूस तिथे कशासाठी मेला, एवढं ह्यांना शोधायचं होतं. मला वाटलं होतं, दोनचार महिन्यांचं खूळ आहे. सोळा वर्षं चाललं.

नाश्त्याला मला सगळं ऐकावं लागायचं. टेबलावर चमचे एकापुढे एक लावले की ती तैग्रिस. चटणीची वाटी म्हणजे बगदाद, मिठाची बाटली म्हणजे बसरा, टेबलाची कड म्हणजे आखात, आणि त्या कडेपलीकडे हिंदुस्थान. माझं लाटणं म्हणजे जर्मनांची रेल्वे. ती कडेपर्यंत आली तर हिंदुस्थानच्या दारात जर्मन उभा राहणार, म्हणून इंग्रजांची झोप उडालेली. नदीतल्या बोटी आधीपासून इंग्रजांच्या, त्या त्यांना सोडायच्या नव्हत्या. रेल्वेचे रूळ वाहून न्यायलासुद्धा जर्मनांना तीच नदी लागत होती. तुर्कांचा माणूस लंडनला जाऊन बसला होता, आणि देश त्याचा असून विचारत सगळे त्याला शेवटी होते. मी म्हणायचे, अहो, पोहे गार होताहेत, तुमचा तह नंतर करा आणि माझं लाटणं द्या. हे हसायचे. लिहिलेलं वाच म्हणाले की माझं उत्तर ठरलेलं, छापून आलं की वाचेन. चिडायचे नाहीत. बरं म्हणायचे.

आता कागदांबद्दल सांगते, कारण सगळं त्यांच्यावरच अडलं. आमच्या घरात पाठकोरा कागद कधी फेकला गेला नाही. एका बाजूला छापलेलं आहे आणि दुसरी कोरी आहे, तर तो कागद ह्यांच्या लेखी नवाच. इथे येऊन पन्नास वर्षं झाली, कोऱ्या कागदांची बंडलं कपाटात पडून असायची, पण ती वापरताना ह्यांना गुन्हा केल्यासारखं वाटायचं. आमच्याकडे येणाऱ्या मराठी मंडळींच्या घरी तरी काय वेगळं होतं? माझ्या वाणसामानाच्या याद्या लॅबच्या रिपोर्टांच्या पाठीवर आणि ह्यांचं पुस्तक इन्शुरन्सच्या पत्रांच्या पाठीवर. उन्हानं शाई उडते म्हणून लिहिलेली बाजू खाली ठेवायचे. त्यामुळे त्यांच्या खोलीत गेलं की सगळीकडे आमची नावं, जन्मतारखा आणि पॉलिसीचे नंबर वर. खाली काय आहे ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी आता म्हणू शकत नाही.

जानेवारीत स्ट्रोक आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. जिने असलेलं घर विकून एकमजली लहान घर घ्यायचं ठरलं. लेक दूर पश्चिम किनाऱ्यावर बॉथेलला असते, ती आठवडाभर येऊन राहिली, कपाटांना रंगीत चिठ्ठ्या लावून गेली. जाताना बजावलं की आई, नंबर असलेला एकही कागद कचऱ्यात टाकू नकोस, आयडेंटिटी चोरीला जाते, सगळं श्रेड कर. पुस्तकाचे लिहून झालेले कागद निळ्या ट्रंकेत जातात अशी माझी ठाम समजूत होती, कारण हे सारखे ती ट्रंक उघडायचे. खोलीतल्या टेबलावरचे, शेल्फवरचे आणि खिडकीखालचे गठ्ठे मी खोक्यांत भरले. प्रत्येक गठ्ठ्याच्या वर इन्शुरन्स. तीस वर्षं मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलं, कुणाचा नमुना कुणाच्या नावावर गेला असं एकदाही झालं नाही. त्याचा मला गर्व होता. लेबल वाचायचं आणि त्याप्रमाणे ठेवायचं, हाच माझा धर्म. इथेही मी लेबलच वाचलं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी गावानं श्रेडिंगचा ट्रक बोलावला होता, ग्राउंडच्या पार्किंग लॉटमध्ये. गाड्यांची रांग होती. एका माणसानं माझ्या डिकीतून सहा खोकी उचलली आणि मोठ्या डब्यात उपडी केली. यंत्रानं तो डबा उचलून आत रिकामा केला. ट्रकच्या बाजूला टीव्हीसारखा एक छोटा पडदा असतो, आपले कागद खरंच कापले जाताहेत हे लोकांना दिसावं म्हणून. मी सहज बघत उभी राहिले. पांढऱ्या पट्ट्या खाली पडत होत्या आणि त्यांच्यावर निळं काहीतरी होतं. फाउंटन पेनची निळी शाई. इन्शुरन्सवाले निळ्या शाईनं लिहीत नाहीत, एवढा विचार मी शांतपणे केला. थांबवा म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. थांबवूनही काय उरलं असतं, हे नंतर सुचलेलं कारण आहे. तेव्हा मला काहीच सुचत नव्हतं. त्या माणसानं हॅव अ गुड वन म्हटलं, मी थँक यू म्हटलं.

तिथून मी इंडियन ग्रोसरीत गेले. कोथिंबीर घेतली, आलं घेतलं. ओळखीची एक बाई भेटली, तिनं ह्यांची तब्येत विचारली, मी सुधारतेय म्हणाले. घरी येऊन निळी ट्रंक उघडली. आत नकाशे, इंग्रजी पुस्तकांच्या झेरॉक्स, आजोबांच्या मृत्यूचं लष्करातून आलेलं जुनं पत्र. ह्यांच्या अक्षरातलं एक पान नाही. मला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. मी भात लावला.

लेकीला फोनवर सांगितलं. तिनं विचारलं की बाबांनी कधी स्कॅन केलं नव्हतं का, मी किती वेळा सांगितलं होतं. नव्हतं केलं. शेवटचं प्रकरण झालं की सगळं एकदम करू म्हणत होते. ते प्रकरण महायुद्धाच्या ऑगस्टपर्यंत येऊन थांबलं होतं. तेवढं मला ठाऊक होतं, कारण डिसेंबरात नाश्त्याला रोज तेच चालायचं. एकोणीसशे चौदाच्या जूनमध्ये सगळं ठरलं. रेल्वे बसऱ्यापर्यंत, पुढे इंग्रजांच्या परवानगीशिवाय नाही. रेल्वेच्या बोर्डावर दोन इंग्रज. नदीतल्या बोटींची कंपनी अर्धी इंग्रजांची, अर्धी तुर्कांची. मसुद्यावर आद्याक्षरं झाली, पक्क्या सह्या तेवढ्या राहिल्या, आणि ऑगस्टमध्ये युद्ध लागलं. मग त्याच नदीतून इंग्रजांनी पलटणी वर पाठवल्या. त्यांतल्या एकीत आजोबा. हे सांगताना लाटणं हातात धरून हे नुसते बसून राहायचे.

जूनमध्ये नव्या घरी आलो. बोलायला शिकवणारी बाई दुसरी आली, वयस्कर आणि चांगली. तिनं मला सांगितलं की ह्यांनी स्वतः लिहिलेलं काही असेल, कुठल्याही भाषेतलं, तर द्या, स्वतःचे शब्द डोळ्यांसमोर आले की जीभ लवकर वळते. हे एकदम ताठ बसले. "कागद," म्हणाले आणि माझ्याकडे बघू लागले. सहा महिन्यांत ह्यांचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. त्या बाईला मी म्हटलं, शोधते. ती गेल्यावर त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले.

"अहो, कागद गेले. इन्शुरन्सचे समजून मीच श्रेडिंगला दिले. एकही उरला नाही."

ह्यांनी डोळे मिटले नाहीत की मान हलवली नाही. मला वाटलं समजलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. डावा हात वर करून त्यांनी मला थांबवलं. मग ओठ जुळवायला लागले. किती वेळ लागला सांगता येत नाही. स्ट्रोकनंतरचे ते पहिले नवे शब्द होते.

"तू... वाचलंस?"

माझ्या डोक्यात तरी काही शिल्लक आहे का, एवढंच ते विचारत होते. सोळा वर्षांत एखादं प्रकरण, एखादं पान. मी खोटं बोलायला तोंड उघडलं, आता तर सवयच होती, पण जमलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

"बरं," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रॉवर उघडला. हॉस्पिटलनं पाठवलेल्या अपॉइंटमेंटच्या पत्राची मागची बाजू कोरी होती. ह्यांचंच निळं पेन घेतलं आणि टेबलाशी बसून आठवत होतं ते सगळं लिहिलं. इंग्रज, जर्मन, तुर्क. नदी कुणाची, रेल्वे कुणाची. बसऱ्याच्या पुढे नाही. दोन इंग्रज बोर्डावर. आद्याक्षरं जूनमध्ये, सह्या राहिल्या. मग आजोबा. आणखी काही आठवतं का म्हणून बसून राहिले. चहा गार झाला. काही आठवलं नाही. लाटणं कुठून कुठे जायचं ते आठवत होतं, वाटीतली चटणी कसली असायची ते आठवत होतं. लिहिलेलं सगळं अर्ध्या पानात संपलं.

तो कागद मी ह्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो डाव्या हातानं डोळ्यांजवळ धरला आणि एकेक ओळ वाचत खाली आले. शेवटची ओळ वाचून झाली, तरी कागद खाली ठेवला नाही. पुढचं मागे असेल म्हणून त्यांनी तो उलटा केला. तिथे त्यांचं नाव होतं, जन्मतारीख होती, आणि येत्या मंगळवारी साडेदहाला हजर राहायला सांगितलं होतं.