बाजाराच्या दिवशी भावोजी मेले

ओसरी निम्मी सारवून झाली होती. मार्गशीर्षातला गुरुवार, देवीची पूजा मांडायची, म्हणून घाई. कोपरापर्यंत शेणाचे हात, पदर खोचलेला, तोंडानं नाम चाललेलं. मागं वळून बघते तर सारवलेल्या ओल्या जागेवर भावोजी उताणे पडलेले. डोळे उघडे, नजर आढ्याला, हातपाय ताठ.

"भावोजी, उठा! आत्ता सारवलंय मी!"

हूं नाही की चूं नाही. पायाच्या अंगठ्याला शेणाचा बोळा लावला, तरी नाही. मग मात्र मी नाथांचं नाव घेऊन ओरडले. तेव्हा उठून बसले आणि खुशीत विचारतात कसे, "वैनी, पापनी हलली का माजी?"

पाठीला सगळी ओसरी लागलेली. सदरा धुवायचा कुणी? मी.

मच्छिंद्रभावोजी म्हणजे आमच्या घरातलं शेंडेफळ, मायंबाच्या मच्छिंद्रनाथांना बोललेल्या नवसाचं. मामंजी वारले तेव्हा ते रांगत होते. मी लग्न होऊन काष्टीच्या या वस्तीवर आले, माप ओलांडलं आणि आल्याआल्या ते माझ्या कडेवर बसले. दिराला अहोजाहो करायची रीत आहे म्हणून करते, नाहीतर नाक मीच पुसलेलं आहे.

बोलण्यात पहिल्यापासून कच्चे. शाळेच्या नाटकात त्यांना एकच वाक्य होतं, "महाराज, शत्रू वेशीपाशी आला." तेवढंही तोंडातून फुटेना. पण धावत आले ते अशा धापा टाकत, असे मागं बघत, की पुढं बसलेल्या बायांनी माना वळवून खरोखर वेशीकडं बघितलं. मास्तरांनी कान पिळला. मला मात्र त्या दिवशीच वाटलं, या पोराचं काही खरं नाही.

तसंच झालं. नगरला कॉलेजात घातलं तर तिथं नाटकाच्या वर्गात जाऊन बसले. आणि सरही असे भेटले की ज्यांना नाटकात बोलणंच नको. म्हणे नाटक अंगानं करायचं. पडदा नाही, खुर्ची नाही, कुदळ-फावडं नाही. भिंतही पोरंच, रहाटही पोरंच. गोष्ट विचाराल तर एवढीच की एक गडी विहीर खणतो, दरड कोसळते आणि तो मरतो. भावोजी पहिल्यांदा त्या गड्याच्या घराची चौकट होणार आणि मग तो गडी.

सुट्टीला आले की घरात हेच. स्वयंपाकघराच्या दारात हात वर करून चौकट होऊन उभे राहायचे आणि मी डोक्यावर हंडा घेऊन त्यांच्या काखेखालून जायचं. एकदा मालकांचं कपाळ त्यांच्या कोपरावर आपटलं.

"काय करतुयास रं?"

"चौकट झालोय, दादा."

"चौकट? इतकी सालं शिकून चौकट? आपला सुतार दीड दिसात करतो की!"

मालक म्हणजे भावोजींचे थोरले बंधू. बापाच्या जागी तेच. त्यांनी साखर कारखान्यात शब्द टाकून ठेवला होता. उसाच्या वजनकाट्यावर कारकुनाची जागा होती. सरांची मंडळी बाजाराच्या दिवशी आमच्या गावात शाळेपुढं खेळ करणार असं कळल्यावर त्यांनी एकदाच सांगितलं, "मी यिऊन बघनार. काम वाटलं तर शिक. माकडचेष्टा वाटल्या तर दुसऱ्या दिशी वळकटी बांधायची आन् काट्यावर."

भावोजी त्या रात्री जेवले नाहीत. आणि त्या गुरुवारी, पाठीचं शेण तसंच वाळत असताना, मला देव्हाऱ्यापुढं नेऊन म्हणाले, "वैनी, मी मेल्याव चौगं खांद्याव घिऊन मला लोकांतनं नेत्यात. ह्ये आईला सांगू नका. तिला कळलं तर ती खेळच हू द्यायची न्हाई, आन् मग दादा मला काट्याव बसवील. देवाव हात ठिवा."

ठेवला. देवाला मधे घालायची हौस यांना, आणि उपाशी पोटी शब्द पाळायचा मी.

बाजाराच्या दिवशी शाळेच्या पटांगणात ही गर्दी. एका अंगाला बाया, एका अंगाला बाप्ये. माझ्या एका बाजूला सासूबाई, भागूबाई त्यांचं नाव, आणि दुसऱ्या बाजूला शेजारची छबूबाई. पोरं आली ती काळं बनियन आणि अर्ध्या चड्ड्या घालून.

"काय गं, दिराला कापडं घेत न्हाई का?" छबूबाईनं सुरू केलं. "ह्यो कोन?"

"भिंत आहे ती."

"आन् त्यो पल्याडचा?"

"तीपण भिंतच."

"मग तुजा?"

"चौकट."

"व्हय का! म्हंजे घरातला मोटा मानूस हाय."

पलीकडं मालक हाताची घडी घालून उभे होते. तोंडावर कारखाना स्पष्ट दिसत होता.

मग भावोजी खणायला लागले. हातात काही नाही, पण कुदळ वर गेली की खांद्याला ओढ दिसायची आणि खाली आली की टाचेपर्यंत हादरा जायचा. फक्त श्वास ऐकू येत होता. बघता बघता छबूबाईचं तोंड बंद झालं. भिंत झालेली पोरं हळूहळू त्यांच्यावर कलायला लागली तसा बाप्यांमधून कुणीतरी ओरडलं, "दरड सुटली रं, वर ये!" आणि सगळी भिंत त्यांच्या अंगावर आली.

चौघांनी त्यांना उचलून खांद्यावर घेतलं. मान लोंबती, डोळे उघडे. आणि निघाले ते नेमके बायांच्या बाजूनं.

सासूबाई उभ्या राहिल्या. तोंडावर रक्ताचा थेंब नाही. त्या आता लेकाला ओढून खाली उतरवणार, भावोजी उठून बसणार, सगळं पटांगण हसणार आणि उद्या वळकटी. मालक तर खेळाकडं नाही, आमच्याकडंच बघत होते. तोंडातून निघून गेलं, "आत्याबाई, घाबरू नका. नगरला भावोजींच्या डोक्यावर कावळा बसला होता. म्हणून हे खोटं मरण काढलंय."

आमच्याकडं असं मानतात, की डोक्यावर कावळा बसला तर त्या माणसावर मरण ओढवतं. ते टाळायचं तर तो मेल्याची खोटी आवई उठवायची. नातलग रडले की घात फिटतो आणि आयुष्य वाढतं. मला वाटलं, हे ऐकून सासूबाई निवांत खाली बसतील.

कुठल्या बसतात!

"आगं, मग आदी सांगायचं न्हाई का! रडा की गं बायांनो, नुसत्या बघताय काय! कावळा बसलाय माज्या लेकराच्या डोक्याव!"

आणि त्यांनी हेल काढला. असल्या कामाला आमच्या गावच्या बाया कधी मागं राहत नाहीत. छबूबाईनं तर सगळ्यांच्या वर गळा काढला. भाजीवाल्या पाट्या सोडून धावत आल्या. ज्यांना कावळ्याचं ठाऊक नव्हतं त्या तर खऱ्याच रडल्या. सासूबाई पोराच्या छातीवर पडल्या, दोन्ही हातांनी त्याला हलवलं. खालच्या पोरांचे पाय लटपटले. पण भावोजींची पापणी हलली नाही. मी अगदी जवळून बघितलं. आईचं पाणी त्यांच्या गालावर पडलं, तरी नाही.

पलीकडं बाप्यांनी एकेक करून टोप्या काढल्या. मालकांनीही काढली.

खेळ संपल्यावर शाळेच्या मागं गेले तर भावोजी हौदाशी बसून तोंडावर पाणी मारत होते. "वैनी, आई रडत हुती तवा..." एवढंच म्हणाले. पुढचं बोलायला त्यांना कधी जमलंय? मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

मालक आले. बराच वेळ टोपी झटकत राहिले. "आई उराव पडली तरी हलला न्हाईस."

"हललो असतो तर त्यो गडी जिता झाला असता, दादा."

मालकांनी टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "काट्याव दुसरं कुनी बी बसंल. तू शिक. पन घरात चौकट हुयाची न्हाई, माजं टकुरं फुटतंय."

भावोजींनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मी सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच ते सर आले. डोळे लाल, हातात चुरगळलेला रुमाल. माझ्या मागोमाग आलेल्या सासूबाईंना हात जोडून म्हणतात, "आई, नगरच्या प्रयोगाला तुम्ही आणि या सगळ्याजणी याल का?"

सासूबाईंनी विचारलं, "आजून किती पोरांच्या डोक्याव बसलाय?"

मी तोंड फिरवलं. बोललेलं खोटं आता नगरपर्यंत जाणार. देवीपुढं काय सांगायचं ते मी सांगेन. तेवढ्यात सासूबाई समाधानानं म्हणाल्या, "चला, आता काई भ्या न्हाई. मी वस्तीवरल्या छगनला बी सांगावा दिऊन धाडलाय. त्याची बैलगाडी श्रीगोंद्याला चाललीच हुती. म्हनलं, विजयमालाला सांग, मच्छिंद्र गेला. सख्खी भन रडल्याबिगर फिटत न्हाई."

विजयमाला म्हणजे श्रीगोंद्याला दिलेली माझी नणंद. दिवस भरत आलेले, आणि मूळची भित्री. नुसतं मांजर आडवं गेलं तरी अंथरूण धरते.

मालकांकडं बघितलं, त्यांना बाजारात बैल बघायचा होता. भावोजींना मंडळींबरोबर ट्रकनं नगरला जायचं होतं, आणि ते दारात उभे राहिले असते तर वन्संनी भूत म्हणूनच किंकाळी फोडली असती. मग राहिलं कोण?

बैलगाडीच्या आधी यष्टी पोचते. पिशवीत देवीचा अंगारा घेतला, पायात चपला सरकवल्या आणि पाचच्या गाडीनं श्रीगोंद्याला निघाले, वन्संना सांगायला, की मच्छिंद्र जिवंत आहे.