अडुळशाच्या बाई

खोकला जगात कुणालाही होऊ शकतो, पण कात्रजच्या आमच्या सोसायटीत तो बाईंच्या मर्जीशिवाय होत नाही. बाई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. फार्मसी कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. तिथल्या प्रयोगशाळेत त्यांनी उभा जन्म अडुळशाचा अभ्यास केला. जिन्यात कुणी नुसता घसा खाकरला तरी वरचं दार उघडतं आणि प्रश्न येतो, "कोरडा की ओला?"

सोसायटीच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत त्यांनी लावलेलं अडुळशाचं कुंपण आहे. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून जुने लोक तो कुंपणालाच लावत. पण त्याची पानं कुणाला सुखासुखी मिळतील तर शपथ! "आयुर्वेदिकच आहे, अपाय थोडाच होणार?" असं मी एकदा म्हणालो. "पुरावा काय?" बाईंनी विचारलं. "धोतराही आयुर्वेदिकच आहे. देऊ?" शेजारच्या गरोदर सुनेच्या हातातला काढा तर त्यांनी हिसकावून मोरीत ओतला. अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावतं, हे जुन्या सुइणींनाही ठाऊक होतं आणि आमच्या प्रयोगशाळेलाही, असं वर सुनावलं. महिनाभर खोकणाऱ्या सेक्रेटरींना पान मिळालंच नाही. "आधी छातीचा फोटो काढा." बरं, कुणी 'झाडपाला' म्हणून हिणवलं तर त्याचीही धडगत नाही. माझ्या आयटीतल्या जावयाने ते धाडस केलं. त्याच्या हातात कफ पातळ करणारी गोळी होती. बाई म्हणाल्या, "हिचं रसायन अडुळशातल्या रसायनावरूनच बेतलंय. मूळपुरुष खाली फाटकाशी उभा आहे, जाताना नमस्कार करून जा." जावई निमूटपणे नमस्कार करून गेला.

यंदा कमिटीने कुंपण उपटून शोभेची झाडं लावायचं ठरवलं. माळी आले त्या सकाळी बाई प्लास्टिकची खुर्ची टाकून कुंपणासमोर बसल्या. "आधी मला उपटा!" बाईंना उपटणार कोण? माळी चहाला निघून गेले. शेवटी चेअरमन हात जोडून म्हणाले, "अहो बाई, तुम्ही आहात तोवर कुंपणाला कुणी हात लावणार नाही, झालं?" आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "असं? मग मी मरतच नाही!"

हल्ली बाईंना दम लागतो. जिना चढताना मध्येच थांबतात आणि आपण भिंतीचा रंग बघतोय असं दाखवतात. परवा दुपारी वरून खोकल्याची मोठी उबळ ऐकू आली, तशी सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. चेअरमन स्वतः काढ्याचं भांडं घेऊन वर गेले. आम्ही खाली कान देऊन उभे. बराच वेळ काहीच ऐकू येईना. मी दोन पायऱ्या वर चढलो. मग आवाज आला, बारीक, पण खणखणीत, "मला न विचारता पानं तोडलीत कशी?"

आम्हाला केवढं हायसं वाटलं! बाई दिलेला शब्द कधी मोडत नाहीत, असं एकमेकांना सांगत आम्ही आपापल्या घरी वळलो. पुरावा काय, असं विचारणाऱ्या बाई तेवढ्या वर होत्या, ते बरंच झालं.