कुलपाच्या बोअरची ओटी

द्वारकाबाईंच्या पोटात गोष्ट म्हणून राहत नाही. लेकीला दिवस गेल्याचं एवढ्यात कुणाला सांगू नको म्हटलं, तर बाईंनी ते आधी म्हशीला सांगितलं आणि मग सगळ्या गल्लीला. उमरग्याजवळच्या त्या गावात त्यांना हसणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्याशी अबोला धरलेलं कुणी नाही.

लेक राजेश्वरी सोलापूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यात बोलायचं काय? पण जावई रणधीर अडून बसले. बाईंच्या विहिरीच्या वरच्या अंगाला रसायनाचा एक बंद पडलेला कारखाना होता आणि त्याची घाण जमिनीत मुरलीय अशी कुजबुज होती. घरात पाणी तेवढ्या विहिरीचंच. "रिपोर्ट चांगला आला की त्याच दिवशी आणून सोडतो," रणधीर म्हणाले. बाई धुसफुसल्या, पण जावयाचंही चूक नव्हतं.

पाणी-तपासणीची माणसं आली तेव्हा बाईंनी त्यांचा चहा तुटू दिला नाही. कारखाना आणि विहीर यांच्या मधे, बाईंच्याच बांधावर त्यांनी बोअर घेतला. हा काही उपशाचा बोअर नव्हे. जमिनीखालचं पाणी अधूनमधून काढून तपासायचं, एवढंच त्याचं काम. आत जाळीचा पाइप सोडला, भोवती धुतलेली रेती भरली, वरचं पाणी झिरपू नये म्हणून तोंडाशी सिमेंट केलं. कुलपाचं झाकण तेवढं दुसऱ्या दिवशी येणार होतं.

नवं पाणी लागलं आणि त्याची ओटी भरली नाही, असं बाईंच्या घरात कधी झालं नव्हतं. माणसं गेली तशा त्या ताट घेऊन बांधावर गेल्या. हळदीकुंकू वाहिलं ते थेट पाइपात, चांगलं मूठभर. वरून तांब्याभर दूध. "माझ्या लेकराला सांभाळ गं माय," म्हणाल्या आणि समाधानानं घरी आल्या.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेतली शुभांगी नमुना घ्यायला आली. तिनं नवे हातमोजे चढवले, दोरीला बांधलेली स्वच्छ नळी आत सोडली. वर आलं ते पिवळं, आंबूस वासाचं पाणी. तिचा चेहरा उतरला.

"मावशी, हे काही बरं दिसत नाही."

गप्प बसावं तर लेक येत नाही, बोलावं तर अब्रू जाते. पण गप्प बसणं त्यांना जमलंय कधी?

"पोरी, ते कारखान्याचं न्हाय. म्या टाकलंय. हळद हाय ती, अन् दूध."

शुभांगीला हसू आवरेना. "अहो मावशी, दूध?"

"ओटी भरली. लेकीसाठी." हे ऐकताच शुभांगी हसायची थांबली. हातमोजे काढून तिनं बाईंचा हात हातात घेतला. मग सगळा बोअर उपसून घेतला, झाकणाला कुलूप घातलं आणि काही दिवसांनी पुन्हा आली. या वेळी पाणी इतकं नितळ आलं की बाईंनी तिथूनच जावयाला फोन लावला, "लई चांगलं निघालं! गाडी काढा!" शुभांगी नको नको म्हणत राहिली.

बाईंनी खोली सारवली, बाज नव्यानं विणून घेतली, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली.

रिपोर्ट सांगायला शुभांगी स्वतः आली. "मावशी, पाणी दिसायला नितळ आहे, पण त्यात विष उतरलंय. विहिरीचंही तपासलं, त्यातही तेच. बाळाला थेंबभरसुद्धा नको."

"अन् ती पिवळी हळद?"

"तिनं काही बिघडलं नसतं हो."

बाई त्या नव्या बाजेवर बसून खूप रडल्या. मग उठल्या आणि दुपट्यांचं गाठोडं बांधलं, डिंकाचे लाडू डब्यात भरले. आईनं लेकीच्या सासरी जाऊन बाळंतपण करायचं, हे गावात कुणी ऐकलं नव्हतं. हसतील तर हसोत, त्या म्हणाल्या.

एसटीआधी ताट घेऊन त्या बांधावर गेल्या. कुलूप ओढून पाहिलं, पक्कं होतं. आत कणही जाऊ नये म्हणून झाकणाच्या फटीवर पदर धरला आणि हळदीकुंकू बाहेरूनच लावलं.

"तू खरं सांगितलंस गं माय," त्या म्हणाल्या, "न्हायतर म्या माझ्याच हातानं पाजलं असतं."

खण झाकणावर ठेवून त्या सोलापूरच्या वाटेला लागल्या.