दोघांना विचारणारा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी राहात्याला माझा सायबर कॅफे होता. नावं टाकून साइट उघडेनाशा झाल्या की मशीनं लावून देणारे एक गृहस्थ नगरहून मोटारसायकलवर यायचे. आधी चहा नको म्हणायचे, खुर्चीत मांडी घालायचे आणि लिनक्सच्या काळ्या पडद्यावर एखाद्या साइटचा नुसता नंबर टाकून पिंग करायचे, म्हणजे तिकडून उत्तर येतं का ते बघायचे. उत्तर आलं की मान डोलवायचे.

"रस्ता चालू हाय. नावावरून नंबर सांगनारा गप बसलाय."

मग ते सेटिंगची फाईल उघडत. मशीन नव्याने लावताना तिथे मी दर वेळी एकच नेमसर्व्हर, म्हणजे तो नंबर सांगणारा, लिहिलेला असे. त्याखाली ते दुसऱ्याचा नंबर टाकत. "एकाच्या भरवशावर ऱ्हायचं न्हाई. पयला बोलला न्हाई, तर दुसऱ्याला इचारायचं."

एकदा मिरजगावच्या शाळेतलं मशीन लावायला त्यांच्यामागे बसून गेलो. वाटेत एका पारापाशी गाडी थांबवून त्यांनी तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्याला रस्ता विचारला. तो काठी टेकत उठला, गाडीपर्यंत आला आणि हात करून त्याने सगळं सांगितलं. पुढच्या गावात पुन्हा तेच. ऊन मी म्हणत होतं. मी वैतागून विचारलं, "तुम्हाला रस्ता माहीत नाही?"

"लई वर्सं येतोय की."

"मग?"

"दिसभर बसून असत्यात ती. कुनी काय इचारतच न्हाई त्यान्ला."

आता वाट फोन सांगतो. तरी त्या पारापाशी मी काच खाली घेतो आणि मिरजगावचा रस्ता विचारतो. म्हातारा आता दुसरा आहे. सांगायला तोही उठून गाडीपर्यंत येतो.